पंखा, पंख आणि उचल

आपल्या कॉलेजच्या मॅगझिनचं एक ठरलेलं गणित आहे. टेक्निकल लेख इंग्रजी विभागात, शेरोशायरी हिंदी विभागात आणि मराठी विभागात आई, पाऊस, पहिलं प्रेम आणि ‘हॉस्टेलमधले ते दिवस’. त्यामुळे मी विमानाच्या पंख्यांवरचा लेख मराठी विभागाला देतेय म्हटल्यावर माझ्या रूममेटनं कपाळाला हात लावला. ‘‘अगं, तू कॉन्व्हेंटची. तुझं मराठी म्हणजे आधीच आनंद. त्यात एरोडायनॅमिक्स!’’

तिचं चुकत नाही. बालवाडीपासून दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. मराठी हा विषय होता, तोही परीक्षेपुरता. पण या लेखाचा प्रश्न मला मराठीत विचारला गेला, आणि तो विचारणारे माझे मामा अंबड तालुक्यात कापूस आणि मोसंबी पिकवतात. प्रश्न ज्या भाषेत आला त्या भाषेत उत्तर देता आलं नाही, तर ते आपल्याला समजलंच नाही असं मी धरून चालते. म्हणून हा खटाटोप. स्टाफपैकी कुणी फ्लुइड मेकॅनिक्स शिकवत असतील, त्यांनी भाषेकडे थोडी डोळेझाक करावी ही विनंती.

मामांच्या गावात बचत गटाच्या एका ताईंकडे फवारणीचा ड्रोन आला. केंद्र सरकारची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली, पंधरा हजार महिला गटांना ड्रोन द्यायचे असं त्यात ठरलं होतं. हे आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. शेतात उभं राहून बघितलं की गोष्ट वेगळी वाटते. पाठीवरच्या पंपानं एका एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. तेवढं पाणी पाठीवर वाहायचं, आणि औषधाच्या त्याच धुक्यातून चालत जायचं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. आमच्या मामांनाही एकदा फवारणीनंतर चक्कर येऊन बांधावर बसावं लागलं होतं, मामी अजून ते सांगताना पदर तोंडाला लावते. ड्रोन मात्र एकराला दहा लिटरच्या आसपास भागवतो आणि माणूस लांब उभा असतो. म्हणून ड्रोन हा आमच्या घरात कौतुकाचा विषय आहे. त्याची अडचण एकच, बॅटरी. दोनेक एकर झाले की उतरव, बॅटरी बदल, पुन्हा उडव. गावात लाइटीचं वेळापत्रक कसं असतं ते वेगळं सांगायला नको.

मामा बराच वेळ त्या ड्रोनकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘काय गं माय, एवढं वारं खाली हाणतंय ते, सगळी ताकद त्यातच जाती त्याची. त्याच्यापेक्षा पाखरासारखे पंख लावले असते तर तरंगलं नसतं का? तू इंजिनिअर होणार ना, सांग बरं.’’

मी तिथल्या तिथे जे सांगायला सुरुवात केली त्यात ‘लिफ्ट’, ‘ड्रॅग’, ‘थ्रस्ट’ हेच शब्द होते. लिफ्टला मराठीत काय म्हणायचं? कोशात ‘उत्थापक बल’ वगैरे मिळतं, ते मी वाचून दाखवलं. मामा हसले. ‘‘म्हणजे उचल म्हण की सरळ.’’

उचल! शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक म्हणजे उचलणं. दुसरा म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग सहा महिने कोयता चालवून ती फेडतात. विमानाच्या पंखाला मिळणारी उचलही अशीच असते, फुकट मिळत नाही. पंख हवेला खाली ढकलतो म्हणून हवा पंखाला वर ढकलते. पण पंखाखाली दाब जास्त, पंखावर कमी. त्यामुळे पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर यायला बघते आणि टोकामागे भोवरा तयार होतो. तो भोवरा फिरवायला जी शक्ती जाते, ती इंजिनाला भरावी लागते. पुस्तकात याला इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात. जर्मनीतल्या गटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनी १९१८-१९ च्या सुमारास त्याचं गणित मांडलं. मी वहीत त्याचं नाव ‘उचलीवरचं व्याज’ असं लिहून ठेवलंय. आणि गंमत म्हणजे हे व्याज हळू उडताना सर्वांत जास्त असतं, अगदी गरिबाला जास्त दरानं कर्ज मिळावं तसं.

आता मामांच्या प्रश्नाकडे. मामांचं निम्मं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ड्रोन स्वतःचं सगळं वजन फक्त पंख्यांवर तोलतो. (यापुढे ‘पंखा’ म्हणजे फिरणारा प्रॉपेलर आणि ‘पंख’ म्हणजे स्थिर विंग, एवढं लक्षात ठेवा, नाहीतर माझा आणि तुमचा गोंधळ होईल.) तेच वजन पंखावर तोललं तर कितीतरी कमी शक्तीत काम होतं, म्हणून तर घारीला तासन् तास पंख न हलवता फिरता येतं. मग ड्रोनला पंख का नसतात?

हिशोब अगदी अकरावीचा आहे. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फवारणीचा ड्रोन साधारण सेकंदाला पाच मीटर वेगानं चालतो असं धरू, म्हणजे सायकलच्या वेगानं. दोन चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ आपल्या हॉस्टेलच्या कॉटएवढा पंख त्याला लावला, तर या वेगाला उचल मिळते तीन किलोच्याही आत. टाकी भरलेल्या ड्रोनचं वजन वीस-पंचवीस किलो. म्हणजे कॉट लावून फायदा तीन किलोचा, आणि कॉटचं वजन वेगळंच!

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. पंख लावायचा कुठे? पंख्यांच्या खाली लावला, तर पंखे जी हवा खाली फेकतात ती थेट पंखाच्या पाठीवर आपटणार आणि पंखालाच खाली दाबणार. हे नुसतं कल्पनेतलं नाही. अमेरिकेचं व्ही-२२ ऑस्प्रे नावाचं विमान आहे, त्याचे दोन मोठे पंखे पंखाच्या टोकांवर असतात आणि वर वळवता येतात. ते हेलिकॉप्टरसारखं एका जागी तरंगत असताना पंख्यांच्या जोराचा सुमारे दहावा हिस्सा स्वतःच्याच पंखाला खाली दाबण्यात वाया जातो. तो कमी करायला पंखाच्या मागच्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, खाली वळवून ठेवतात, म्हणजे निदान हवेच्या वाटेत कमी जागा अडते.

पण हाच पंखा पंखाच्या वरून काढून पुढे लावला, आणि हवा खाली न फेकता मागे फेकायला लावली, तर? तीच हवा आता पंखावरून वाहते. विमान स्वतः हळू चाललं असलं तरी पंखाला वाटतं आपण जोरात चाललोय. इथून माझा खरा विषय सुरू होतो. गेली काही वर्षं जगभर यावर काम चाललंय, त्याला डिस्ट्रिब्यूटेड प्रॉपल्शन म्हणतात. म्हणजे दोन मोठ्या इंजिनांऐवजी पंखाच्या पुढच्या काठावर आठ, बारा, अठरा छोट्या पंख्यांची रांग लावायची. पेट्रोलच्या इंजिनाला हे परवडत नव्हतं, कारण बारा इंजिनं म्हणजे बारा कार्ब्युरेटर आणि बारा डोकेदुख्या. विजेची मोटर छोटी केली तरी तिची कार्यक्षमता फारशी बिघडत नाही, म्हणून ही कल्पना आता जमिनीवर आली.

म्हणजे खरोखरच जमिनीवर! नासाच्या लोकांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर एकतीस फूट लांबीचा पंख घेतला, त्यावर अठरा विजेचे पंखे बसवले आणि तो पंख चक्क एका ट्रकवर उभारून कोरड्या तळ्याच्या पात्रातून पळवला. विंड टनेलमध्ये हवा पळवण्याऐवजी ट्रकच पळवला. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला. नासासुद्धा जुगाड करते! त्यांना असं दिसलं की कमी वेगाला नेहमीच्या रचनेपेक्षा दुपटीहून जास्त उचल मिळते.

दुप्पट कशी? पुन्हा तोच वर्ग. पंख्यांनी पंखावरची हवा चाळीस टक्क्यांनी वेगवान केली, तर १.४ चा वर्ग म्हणजे जवळजवळ २. पण वायव्हाला हे उत्तर दिलं तर सर पुढचा प्रश्न विचारतील आणि विकेट जाईल. कारण वर्गाचा नियम सगळीकडे हवा वेगवान असेल तर लागू पडतो. इथे तसं नसतं. पंख्यामागे हवेचा एक पट्टा तयार होतो, पंख्याच्या व्यासाएवढा. त्या पट्ट्याच्या वर आणि खाली बाहेरची संथ हवाच असते. पंखाला उचल देताना लांबवरची हवासुद्धा वळावी लागते आणि ती संथ हवा पूर्ण साथ देत नाही. म्हणून पंखा जितका लहान तितका पट्टा बारीक, आणि वर्गातून मिळणारा फायदा तितका कमी. म्हणजे छोटे छोटे खूप पंखे लावले की काम फत्ते, असं नाही. पंखाच्या रुंदीच्या मानानं पंख्याचा व्यास किती, तो पंखाच्या किती पुढे, किती वर किंवा खाली, यावर सगळं ठरतं.

शिवाय पंख्यामागची हवा सरळ जात नाही, पिळा पडलेल्या दोरीसारखी फिरत जाते. पातं ज्या बाजूला वर जातं, त्या बाजूला हवा पंखाला किंचित खालून येऊन भिडते आणि उचल वाढते. पातं ज्या बाजूला खाली येतं, तिथे उचल घटते. एकाच पंख्यामागे पंखाचा अर्धा तुकडा नफ्यात आणि अर्धा तोट्यात! २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतलं हैदराबाद-नांदेड विमान सुरू झालं, ते ट्रूजेट कंपनीचं एटीआर-७२ होतं. ती कंपनी आता बंद पडली, पण एटीआर सगळीकडे दिसतात. त्याचे दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात. त्यामुळे उजव्या पंखावर नफ्याची बाजू प्रवाशांकडे येते आणि डाव्या पंखावर ती टोकाकडे जाते. बाहेरून अगदी जुळं दिसणारं विमान हवेच्या दृष्टीनं डावं-उजवं असतं.

हा पीळ खरा असतो याचा अनुभव केवळ शास्त्रज्ञांना नाही, तर फवारणीच्या विमानांनाही आहे. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं शेतीसाठी ‘बसंत’ नावाचं विमान बनवलं होतं, त्याचं सुधारित रूप १९७२ च्या मार्चमध्ये उडालं. अशा नाकावर एकच पंखा असलेल्या विमानांत पंख्याचा पीळ औषधाचे थेंब विमानाच्या पोटाखालून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओढून नेतो. पिकात एका पट्ट्यात औषध कमी आणि शेजारच्या पट्ट्यात जास्त पडतं. म्हणून पोटाजवळचे नोझल दोन्ही बाजूंना सारखे न ठेवता हलवून लावावे लागतात. आणि फवारणीची नळी पंखाच्या टोकापर्यंत नेत नाहीत, अलीकडेच थांबवतात, नाहीतर टोकाचा भोवरा औषध उचलून शेजाऱ्याच्या शेतात नेऊन टाकतो. पंखा आणि पंख यांचं नातं पिकाच्या पानावर उमटतं ते असं.

एवढं वाचून झाल्यावर आमच्या ग्रुपनं मिनी प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचं ठरवलं. आमच्या कॉलेजात विंड टनेल नाही. पण जालन्यात एक गोष्ट घरोघरी आहे, ती म्हणजे कूलर. मेसच्या मोठ्या कूलरचा पंखा मेसच्या मावशींना गोड बोलून मिळवला. मात्र कूलरचा पंखा स्वतःच पिळाची हवा देतो. ती सरळ करायला रसवंतीवाल्याकडून स्ट्रॉचे गठ्ठे आणले, ते एका चौकटीत गच्च बसवले आणि हवा त्यातून सोडली. थर्मोकोल कापून ऐंशी सेंटिमीटर लांब आणि पंधरा सेंटिमीटर रुंद पंख केला. त्याच्या पुढे चार छोट्या ब्रशलेस मोटरी, त्यांना पाच इंची पंखे. उचल मोजायला किराणा दुकानातला डिजिटल वजनकाटा. पंख उलटा बसवला, म्हणजे उचल वर जाण्याऐवजी खाली येते आणि काटा ती वजन म्हणून दाखवतो. मोटरी आडव्याच ठेवल्या, म्हणजे त्यांचा स्वतःचा जोर काट्यावर येऊ नये.

नुसत्या कूलरच्या हवेत काटा ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या आसपास फिरत होता. मोटरी सुरू केल्या की तो दीडशेच्या वर गेला. आकडे फार थरथरत होते, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी दहा-दहा रीडिंग घेतली. हा काही शोधनिबंध नाही, आमच्या सेटअपमध्ये हवेचा वेग वरखाली होतो हे आम्हालाही माहीत आहे. पण वाढ इतकी स्पष्ट होती की मेसच्या मावशीसुद्धा म्हणाल्या, ‘‘फिरलं की जड होतंय की गं!’’

खरी मजा पुढे आली. पंखावर आम्ही लोकरीचे छोटे धागे चिकटवले. हवा पंखाला धरून वाहत असेल तर धागे गपगुमान मागे पडून राहतात. पंख फार तिरका केला की हवा पंखाला सोडून देते, धागे उलटसुलट नाचायला लागतात आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. मोटरी बंद ठेवून आम्ही पंख हळूहळू तिरका करत गेलो आणि एका कोनाला सगळे धागे नाचायला लागले. तोच कोन ठेवून मोटरी सुरू केल्या. पंख्यांच्या मागचे धागे एकदम शिस्तीत मागे जाऊन झोपले! दोन पंख्यांच्या मधले आणि टोकाकडचे मात्र नाचतच राहिले. एकाच पंखावर एकाच वेळी शिस्त आणि गोंधळ, अगदी रेक्टर मॅडम राउंडला आल्यावर आमचा कॉरिडॉर दिसतो तसं. मॅडम जिथे आहेत तिथे शांतता, दोन खोल्या पलीकडे अंताक्षरी.

मग माझी मैत्रीण म्हणाली, ‘‘आता याच कोनात मोटरी पटकन बंद कर.’’ बंद केल्या. काट्यावरचा आकडा धाडकन खाली आला. आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो. कारण टेबलावर जे नुसतं आकडा पडणं होतं, ते खऱ्या विमानात विमान पडणं आहे. नेहमीच्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते निदान तरंगत खाली येतं. पण पंख्यांच्या हवेवर उचल घेऊन फार हळू उडणाऱ्या विमानाची वीज गेली, तर पुढे ढकलणारा जोर आणि वर धरणारी उचल दोन्ही एकदम जातात. आणि एकाच बाजूचे पंखे बंद पडले तर विमान कलंडतं.

ही भीती जुनीच आहे. फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीनं ९४१ नावाचं विमान बनवलं, ते १ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. चार मोठे पंखे असे लावलेले की जवळजवळ सगळ्या पंखावर त्यांची हवा यावी, आणि मागचे फ्लॅप ती हवा खाली वळवत. विमान अगदी छोट्या जागेतून उठायचं. त्यांनी चारही पंखे पंखाच्या आतून एका लांब शाफ्टनं जोडले होते, म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी उरलेली तीन चारही पंख्यांना फिरवत ठेवतील. एकट्यावर वेळ आली की सगळ्यांनी मिळून ओढायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री आमचं हॉस्टेल याच तत्त्वावर चालतं. मात्र तो शाफ्ट आणि गिअरबॉक्स जड आणि गुंतागुंतीचे होते, आणि फ्रेंच हवाई दलासाठी केवळ चार विमानं बनून विषय थांबला. आता विजेच्या मोटरींमुळे शाफ्टच्या जागी तारा आल्या आणि जुनी कल्पना पुन्हा उभी राहिली.

ती सोपी मात्र झालेली नाही. नासानं ट्रकच्या प्रयोगानंतर एक्स-५७ मॅक्सवेल नावाचं विमान करायला घेतलं. इटालियन बनावटीच्या टेकनाम पी२००६टी विमानाचा मूळ पंख काढून त्याच्या बेचाळीस टक्के क्षेत्रफळाचा बारीक पंख लावायचा, पुढच्या काठावर बारा छोटे पंखे आणि दोन्ही टोकांवर एकेक मोठा. उडताना-उतरताना बारा पंखे फिरवून उचल घ्यायची. उंचावर वेग आला की ते बंद करून त्यांची पाती घडी घालून चिकटवून ठेवायची, कारण वेगवान हवा पंखाला घासत राहिली तर घर्षण वाढतं आणि फायद्याचा तोटा होतो. टोकांवरचे मोठे पंखे अशा दिशेनं फिरवायचे की आतल्या बाजूचं पातं वर जाईल. म्हणजे पंख्याचा पीळ टोकाच्या भोवऱ्याच्या बरोबर उलटा पडतो आणि उचलीवरचं व्याज थोडं कमी होतं. डोकं किती चालवावं माणसानं! पण मोटरींच्या यंत्रणेत सुरक्षेच्या अडचणी निघाल्या आणि २०२३ च्या जूनमध्ये नासानं जाहीर केलं की हे विमान न उडवताच प्रकल्प संपवतोय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्याच इलेक्ट्रा कंपनीचं आठ पंख्यांचं, दोन माणसांचं विमान मात्र उडालं, आणि पुढच्या वर्षीच्या चाचण्यांत त्यानं पन्नासेक मीटर धावून जमीन सोडली. आपल्या कॉलेजच्या ग्राउंडवर शंभर मीटरची शर्यत होते, त्याच्या अर्ध्यात!

आणि पंखा पंखाच्या मागे लावला तर? आपल्या बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं ‘सारस’ विमान २९ मे २००४ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचे पंखे मागच्या भागात, मागे तोंड करून बसवलेले आहेत. त्यामुळे मुख्य पंखाला पंख्याची ढवळलेली हवा लागत नाही आणि केबिनमधला आवाज कमी राहतो. पण मग पुढून येणारी, आधीच ढवळलेली हवा पंख्याच्या पात्यांना कापावी लागते, आणि त्यातून वेगळा आवाज आणि वेगळी थरथर येते. म्हणजे भांडण मिटत नाही, फक्त कोण कुणाला त्रास देणार ते बदलतं.

या सगळ्यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आपण सिलॅबसमध्ये प्रॉपेलरचं चॅप्टर वेगळं शिकतो आणि विंगचं वेगळं. परीक्षेत प्रश्नही वेगळे येतात. उत्तम पंखा काढा, उत्तम पंख काढा, स्क्रूनं जोडा, झालं विमान. पण हवेला चॅप्टर माहीत नसतात. तोच पंखा वर बसला तर पंखाला दाबतो, पुढे बसला तर उचलतो, टोकावर बसून उलटा फिरला तर त्याचं व्याज कमी करतो, आणि गरज संपल्यावर फिरत राहिला तर घासत बसतो. पंख्याचा चांगुलपणा त्याच्या एकट्यात नसतोच, तो शेजारात असतो.

मामांना मी जे उत्तर दिलं ते असं. फवारणीच्या ड्रोनला पंख लावून फायदा नाही, कारण तो फार हळू चालतो आणि त्याला जागेवर थांबावं लागतं. शिवाय ते खाली हाणलेलं वारं वाया जात नाही, ते कापसाची पानं हलवून औषध आतपर्यंत नेतं. पण ज्या यंत्राला एका गावातून दुसऱ्या गावात जायचंय, औषधं किंवा रक्ताच्या पिशव्या न्यायच्यात आणि उतरायला शेताएवढीच जागा आहे, त्याला पंख हवेत आणि पंखापुढे पंख्यांची रांगही हवी. मामांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘आणि वीज गेली तर?’’ एवढी पुस्तकं वाचून आम्ही ज्या प्रश्नाशी टेबलावर येऊन थांबलो होतो, तिथे ते दोन मिनिटांत पोचले. लोडशेडिंगनं शिकवलेला माणूस आहे, काय सांगणार!

त्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणाकडे पूर्ण नाही. मोटरी वेगवेगळ्या बॅटऱ्यांवर विभागायच्या, एक बॅटरी गेली तर दोन्ही बाजूंचे सारखेच पंखे बंद पडतील अशी जोडणी करायची, असे मार्ग आहेत. चार मोटरींच्या आमच्या पंखावरही ते करून बघता येईल. एकाच बाजूची मोटर बंद केल्यावर काटा किती पडतो आणि दोन बाजूंच्या दोन बंद केल्यावर किती, हे आम्हाला मोजायचं होतं. पण तेवढ्यात मार्च उजाडला आणि मावशींनी कूलरचा पंखा परत मागितला. जालन्याच्या उन्हाळ्यात कुणाकडे कूलरचा पंखा मागणं म्हणजे त्याच्याशी वैर घेणं.

म्हणून सेकंड इयरच्या मित्र-मैत्रिणींनो, पंख, मोटरी, स्ट्रॉची चौकट आणि रीडिंगची वही वर्कशॉपच्या माळ्यावर खोक्यात ठेवली आहे. खोक्यावर ‘टाकू नये’ असं मराठीत लिहिलंय. ब्रशलेस मोटर उलटी फिरवायची असेल तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. पाती मात्र त्या दिशेची लावा. काटा सुरू करून पाच मिनिटं थांबा, लगेच रीडिंग घेऊ नका. आणि फिरणाऱ्या पात्यांपासून ओढण्या, वेण्या आणि बोटं लांब ठेवा. जुलैत पाऊस सुरू झाला की कूलर पुन्हा रिकामा होईल. मावशींना मी सांगून ठेवलंय.